कपाट, आतल्या सामानासकट

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे आणि त्यात मी स्वतः हजर होतो. कोणाच्या मित्राच्या काकांनी सांगितलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला आता कोणाला पटवून द्यायची हौस उरलेली नाही.

आणखी एक आधीच सांगतो. अंधारी रात्र, सुनसान रस्ता, लांबून रडणारं कुत्रं असलं काही यात नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं.

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. पंखा चालू होता. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

मी सामान हलवणाऱ्या कंपनीत काम करतो. लोकांचं घर बदललं की आमची माणसं सामान उचलतात. मी उचलत नाही. मी यादी करतो. प्रत्येक वस्तूला नंबर द्यायचा, चिठ्ठी चिकटवायची, वहीत लिहायचं. सोळा वर्षं हेच करतोय. माझ्या यादीतला चमचासुद्धा कधी हरवला नाही, असा माझा तोरा होता.

होता.

त्या दिवशी ज्या घराची यादी करायची होती, ते माझ्या ताईचं घर होतं.

ताईच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको आजारपणात गेली, असं त्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. आमच्या घरी कोणी जास्त खोदून विचारलं नाही. माणूस शांत, नोकरी बरी. चौथ्या वर्षी मुलगी झाली. एका जागी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. मी तिचा एकुलता एक मामा.

भिंगरी सातव्या वर्षी गेली. तापाचं निमित्त झालं. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

ती गेल्यानंतर वर्षभराने ताई जुने कागद आवरत होती. त्यात तिला एक पाकीट सापडलं. कुठल्यातरी आश्रमातून आलेलं. तुमच्या पत्नीचं इथे निधन झालं, सोबत त्यांच्या वस्तू पाठवत आहोत, असं त्यात लिहिलेलं.

खाली तारीख होती.

ताईच्या लग्नानंतर साडेपाच वर्षांची.

म्हणजे ताई बोहल्यावर उभी राहिली तेव्हा ती बाई जिवंत होती. डोक्यावर परिणाम झाला म्हणून तिला तिकडे ठेवलेली, आणि इकडे ती मेली असं सांगून माझ्या बहिणीला घरात आणलेली!

ताई कोर्टात गेली. दोन वर्षं खेटे घातले आणि जिंकली.

जिंकली म्हणजे काय? तर कोर्टाने सांगितलं की पहिली बायको हयात असताना झालेलं हे लग्न लग्नच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. तेरा वर्षं झाली ती झालीच नाहीत, असं समजायचं. त्या माणसाला मी तेरा वर्षं भाऊजी म्हणत आलो. कोर्टाच्या हिशोबाने ते माझे कोणीच लागत नव्हते. पण जिभेला वळण पडलेलं असतं. अजूनही तोंडातून भाऊजीच निघतं.

मग उरला संसार. नसलेल्या लग्नाचा असलेला संसार. तो दोघांत वाटायचा, तर आधी त्याची यादी हवी. त्यासाठी कोर्टाने एक वकील नेमले. आम्ही त्यांना यादीवाले साहेब म्हणायचो. म्हातारे, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांना गुडघेदुखी, वाकून बघता येईना. मी म्हटलं, साहेब, माझं रोजचं काम आहे, तुम्ही विचारा, मी लिहितो आणि चिकटवतो. भाऊजींचीही हरकत नव्हती.

तीन रंगांच्या चिठ्ठ्या आणल्या. लाल म्हणजे ताईचं. हिरवी म्हणजे भाऊजींचं. पांढरी म्हणजे दोघांचंही नाही, ते तूर्त आमच्या कंपनीच्या गोदामात ठेवायचं.

आदल्या दिवशी ताई मला म्हणाली होती, "मला त्या घरातलं एकच हवंय."

"काय?"

"आत्ता नाही सांगत. मला हवंय असं कळलं की ते मुद्दाम अडवतील. आधी मी फ्रीजसाठी भांडेन, पलंगासाठी भांडेन. मग ते आलं की हळूच सांगेन. तू फक्त लाल चिठ्ठी तयार ठेव."

ताई पहिल्यापासून अशीच. पोटातलं ओठावर येऊ द्यायची नाही.

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. आतल्या खोलीत एक जुनं लाकडी कपाट होतं. दोन दारांचं. त्याच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला ताईने पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. भिंगरीच्या उंचीच्या. दोन वर्षांची असल्यापासून दर वाढदिवसाला एक. एकूण सहा.

आणि आत भिंगरीचे फ्रॉक होते.

बाकी काही नको होतं तिला. तेरा वर्षांतलं एवढंच खरं होतं, असं ती नंतर म्हणाली.

यादी सुरू झाली.

साहेबांची एक लकब होती. वस्तू पंखा असो की बादली, ते एकाच सुरात विचारायचे, "कोणाचं?"

"आयटम एक. जेवणाचं टेबल. कोणाचं?"

"माझं," भाऊजी.

"आयटम दोन. फ्रीज. कोणाचं?"

"माझं," ताई कडाडली. भाऊजी पण "माझं" म्हणाले. मग पंधरा मिनिटं वाद. ताई असं भांडत होती की मलाच कौतुक वाटलं. फ्रीज हरली, पलंग जिंकली, पडद्यांवरून तर एवढं रामायण झालं की साहेबांनी पाणी मागितलं.

असं करत त्र्याऐंशीपर्यंत आलो. दुपारचे दोन वाजले असतील. आतली खोली.

"आयटम त्र्याऐंशी. पायाने चालवायचं शिलाई मशीन. कोणाचं?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कोणाचं?"

भाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले, "पहिलीचं. ती शिवणकाम करायची. तिच्या माहेरून आलेलं आहे. हे आणि ते शेजारचं कपाट."

मी पांढरी चिठ्ठी काढून मशीनच्या फळीवर दाबून बसवली.

तेव्हा मशीनचं चाक फिरलं...

अर्धंच. आणि थांबलं.

माझा पाय खालच्या पायडलला लागला असेल, असं मीच मला सांगितलं. मी वळून ताईकडे बघितलं.

ताई दारात नव्हती.

एवढा वेळ ती तिथेच उभी होती. एक मिनिट हलली नव्हती.

"आयटम चौऱ्याऐंशी," साहेब म्हणाले. "लाकडी कपाट, दोन दारी. हे पहिल्या बाईंचं म्हणता. आत काय आहे?"

"कपडे वगैरे असतील," भाऊजी म्हणाले. "मी उघडत नाही ते."

मी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला. "ताई, ह्या लाकडी कपाटात तुझं काही आहे का गं?"

तिकडून लगेच उत्तर आलं...

"नाही. राहू दे आतच."

शांत आवाज. बाईचा. साहेबांनी ऐकला, भाऊजींनी ऐकला, मी ऐकला. घरात बाई एकच होती. शंका यायचं कारणच काय?

मी पांढरी चिठ्ठी चिकटवली. आणि वहीत जे सोळा वर्षं लिहीत आलो तेच लिहिलं. आमच्या धंद्यात बंद कपाट म्हणजे एक वस्तू. ते उघडून आतलं मोजत बसलो तर एका घराला आठवडा लागेल. म्हणून सरसकट एक शब्द असतो, हात आपोआप लिहून जातो.

'कपाट, लाकडी, दोन दारी. आतल्या सामानासकट.'

पुढे शंभर आणि काही वस्तू झाल्या. ताई परत आली होती, पण आता ती कशासाठीच भांडत नव्हती. चेहरा पांढराफटक. मला वाटलं दमली. चार वाजता साहेबांनी सह्या मागितल्या. ताईने पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "तू नीट लिहिलंयस ना?"

मी म्हटलं, "म्हणजे काय!"

तिने न वाचता सही केली. भाऊजींनी केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली.

जिना उतरताना ताई म्हणाली, "कपाटाला लाल लावलीस ना?"

"कुठल्या कपाटाला?"

ती थांबली.

"ताई, तूच म्हणालीस ना, राहू दे आतच..."

"मी कुठे म्हणाले?"

"अगं, स्वयंपाकघरातून!"

ताई कठड्याला धरून पायरीवर बसली. मग म्हणाली, "मी स्वयंपाकघरात नव्हतेच. मी खाली गेले होते. गेटपर्यंत."

"कशाला?"

"मला हाक आली."

"कोणाची?"

तिने माझ्याकडे बघितलं. अजून ती नजर आठवली की जेवण गोड लागत नाही.

"आई म्हणून हाक मारणारं माझं कोण होतं रे?"

आम्ही तसेच वर गेलो. साहेब बूट घालत होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे आवाजाचं सोडून बाकी सगळं. चूक झाली, एक वस्तू बदलायची आहे, एवढंच. साहेब वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "बाई, तिघांच्या सह्या झाल्यात. आता माझ्या हातात नाही. कोर्टात अर्ज करा." भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसून हिरवी चिठ्ठी नखाने खरवडत होते. वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याच कंपनीची गाडी आली. माझ्याच माणसांनी ते कपाट उचललं. दारांवर कापडाची पट्टी, त्यावर लाखेचं सील. सील तुटलं तर माझी नोकरी जाणार आणि वर खटला होणार, हे साहेबांनी बजावून सांगितलं होतं.

ताई मला एक शब्द बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्ज केला. तारीख पडली. मग दुसरी पडली. कोर्टाचं उत्तर असं, की त्या बाईचे वारस शोधा, त्यांना नोटीस द्या, त्यांची हरकत नसेल तर बघू. वारस कुठे शोधायचे? आश्रमाला पत्र पाठवलं. त्यांच्याकडे एका भावाचा पत्ता होता. तिथे आता दुसरेच लोक राहत होते.

कपाट आणि मशीन आमच्या गोदामात शेजारी शेजारी उभी होती. भिंतीलगत, खांब नंबर नऊपाशी. मशीनवर प्लॅस्टिक गुंडाळलेलं.

आमच्याकडे एक ते दोन जेवणाची सुट्टी. त्या वेळात गोदामात आवाज नसतो. हमाल बाहेर सावलीत पडतात, मी आत टेबलाशी डबा खातो.

पहिल्या आठवड्यातच मला आवाज आला.

कच्... कच्... कच्...

कात्री चालल्यासारखा. जाड कापडातून, न थांबता. मग बंद.

मग...

खर्र...

लाकडावर काहीतरी ओढल्यासारखं. एकदाच.

मी डबा तसाच ठेवून बाहेर गेलो. उन्हात उभा राहिलो. मुकादम म्हणाला, "काय साहेब, भाजी तिखट लागली का?"

मी म्हटलं, "हो."

चार-पाच दिवसांनी तोच माझ्याकडे तक्रार घेऊन आला. हा मुकादम म्हणजे थट्टेखोर माणूस, कोणाला सोडायचा नाही. पण त्या दिवशी हसत नव्हता. "साहेब, खांब नऊपाशी रोज झाडून घेतो. रोज कचरा कुठून येतो?"

"कसला कचरा?"

त्याने मूठ उघडली.

पिवळ्या दोऱ्याचे तुकडे. आणि बारीक कापलेल्या पिवळ्या चिंध्या.

"तुमचं ते कपाट दुपारचं जेवत नाही वाटतं," तो म्हणाला. "काम करतं."

मी जाऊन बघितलं. सील जसंच्या तसं. मशीनवरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं, वरच्या धुळीवर बोटाचाही ठसा नाही. मी प्लॅस्टिकला नाक लावून आत पाहिलं...

आम्ही आणलं तेव्हा सुईत दोरा नव्हता.

आता होता. पिवळा.

भिंगरीचा शेवटचा फ्रॉक पिवळा होता. सातव्या वाढदिवसाचा. मी स्वतः तिला त्यात गोल गोल फिरताना पाहिलेलं आहे.

मी ताईला सांगायला नको होतं. पण माझ्या पोटात राहीना. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते फ्रॉक कोणी शिवले होते माहीत आहे?"

"कोणी?"

"ती दोन वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी एक गाठोडं आणलं. म्हणाले, ओळखीची एक शिंपीणबाई आहे, स्वस्तात दिले. सहा फ्रॉक. दोनचा, तीनचा, चारचा, असे सातपर्यंत. प्रत्येकाच्या खाली आत दुमडून शिवलेला चार बोटं दाब. मीच म्हणाले होते, बाई हुशार दिसते, वाढत्या अंगाचे शिवलेत. एकही कधी घट्ट नाही झाला की ढगळ नाही झाला. मापाला कधी बोलावलं नाही रे तिने माझ्या मुलीला. पाहिलंही नव्हतं."

आश्रमाच्या पाकिटावरची तारीख आम्हा दोघांनाही पाठ होती. भिंगरीच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर अकराव्या दिवसाची.

सोबत त्यांच्या वस्तू पाठवत आहोत.

त्या बाईला मूल झालं नव्हतं. ती आश्रमात बसून कोणासाठी शिवत होती?

"मला एकदा बघू दे," ताई म्हणाली. "हात नाही लावणार. नुसतं बघू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण चौऱ्याऐंशी नंबर मीच लिहिला होता.

रविवारी गोदाम बंद असतं. किल्ली माझ्याकडे. सकाळी अकराला ताई आली. पत्र्याच्या फटींतून लख्ख ऊन आत येत होतं, दिव्याचीसुद्धा गरज नव्हती.

सील पुढच्या दारांना होतं. पण जुन्या कपाटाची मागची फळी सहा स्क्रूवर असते, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. मी आणि ताईने मिळून कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मी सहाही स्क्रू काढले, फळी उचलून बाजूला ठेवली. मोबाईलचा उजेड आत टाकला.

फ्रॉक टांगलेले होते. मी ते एका हाताने सरकवले. पलीकडे डाव्या दाराची आतली बाजू.

ताईच्या अक्षरातल्या पेन्सिलीच्या रेघा. दोन वर्षं. तीन वर्षं. चार. पाच. सहा. सात.

आणि सातच्या वर...

आणखी तीन रेघा होत्या.

पेन्सिलीच्या नाही. शिंप्याच्या चपट्या खडूच्या. पांढऱ्या, सरळ, बेताच्या. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात वरच्या रेघेची भुकटी अजून लाकडाला धरून होती. फुंकर मारली असती तर उडाली असती.

सातनंतर तीन. भिंगरी असती तर त्या महिन्यात दहा पूर्ण झाली असती.

ताईने मोबाईल माझ्याकडून काढून घेतला आणि पिवळ्या फ्रॉकवर उजेड धरला. खालचा दाब पूर्ण उसवलेला होता. त्याच्याही खाली तशाच पिवळ्या कापडाची वीतभर पट्टी जोडलेली. टाके इतके बारीक की जोड शोधावा लागत होता.

मला वाटलं ताई किंचाळेल. निदान रडेल.

ती सरळ उभी राहिली. हात आडवा धरून वरच्या खडूच्या रेघेच्या उंचीवर नेला आणि तसाच मागे आपल्या अंगाकडे आणला. हात तिच्या हनुवटीला लागला.

"एवढी झाली?" ती म्हणाली.

मला नाही विचारलं तिने. कपाटाला विचारलं.

आतून कसलाही आवाज आला नाही. आला नाही याचे मी अजून आभार मानतो.

फळी लावून आम्ही बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी ताईने आपल्या वकिलांना फोन केला आणि अर्ज मागे घेतला.

मी तिच्या घरी जाऊन भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. "अगं, एवढी वर्षं झगडलीस आणि आता सोडतेस? वारस नाही सापडले तर कपाट तुलाच मिळेल. वकील म्हणतात तसं."

"मिळेल," ताई म्हणाली. "मग?"

"मग काय? तुझ्या मुलीचं आहे ते!"

"माझ्याकडे आलं की ते नुसतं कपाट होईल रे. रेघा सातपर्यंतच राहतील."

"ताई, ती बाई मेलेली आहे."

"आणि भिंगरी?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"माझ्याकडे ती सात वर्षांचीच राहणार," ताई म्हणाली. "त्या बाईकडे वाढतेय. तिला माझ्याकडून काय काय घ्यायचं होतं ते तिने घेतलं. लग्न तर तिचंच होतं. घर तिचं होतं. आता माझी पोरही... पण ती तिची उंची मोजते. नवीन कापड जोडते. मी भांडून आणू आणि तिथेच थांबवू का?"

मी घरी जाऊन दाराला कडी लावून रडलो. माझ्या एका शब्दाने माझ्या बहिणीचं मूल दुसऱ्या बाईच्या नावावर गेलं होतं, आणि ते परत मागायचीही सोय राहिली नव्हती.

त्यानंतर दर वर्षी भिंगरीच्या वाढदिवसानंतरच्या रविवारी ताई येते. मी सहा स्क्रू काढतो. गेल्या वर्षी रेघ ताईच्या नाकाला लागली. यंदा कपाळाला. फ्रॉकच्या जागी आता कमरेला चुण्या असलेला लांब झगा आहे. ताई हात लावत नाही. हात आडवा धरून बघते, थोडी हसते आणि जाते. बाकी वर्षभर ती नोकरी करते, भाजी आणते, माझ्या मुलांचे लाड करते. बघणाऱ्याला वाटेल की सावरली.

यंदाच्या वेळची एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.

ती नेहमीप्रमाणे बघून पुढे गेली होती. मी एकटा फळी बसवत होतो. ती फळी एकट्याने बसवणं कठीण असतं. एका हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा, तर वरचं टोक सुटतं. दर वेळी माझी तारांबळ उडते.

यंदा मी पहिला स्क्रू लावला...

आणि फळी हलेनाच.

भोकाला भोक बरोबर जुळलेलं. खाली, वर, मधे, सगळीकडे.

कोणीतरी ती आतून धरली होती.

मी सहाही स्क्रू लावले. दुसरं काय करणार होतो? शेवटचा घट्ट केला तेव्हा वरच्या कोपऱ्यावरचा दाब सुटला. आणि थोड्या वेळाने खालच्या कोपऱ्यावरचा. वरचा हात मोठा असावा. खालचा नसावा.

आता तुम्हाला हे का सांगतोय, तर आमचं गोदाम पुढच्या महिन्यात रिकामं करायचं आहे. जागा मालकाने परत मागितली. पांढऱ्या चिठ्ठीच्या वस्तूंचं काय करायचं म्हणून कंपनीने कोर्टाला विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं. वारस नसेल तर सगळं विकून टाका. ताईने अर्ज मागे घेतलेला असल्यामुळे तिला आता मधे बोलता येत नाही. मी बोलायला गेलो तर फळीचं सांगावं लागेल. वकील म्हणतात, लिलावात तूच बोली लाव. पण यादी करणाऱ्याला बोली लावता येत नाही, आणि ताई ते आपल्या दारात उभं करू देणार नाही.

लिलावाच्या दिवशी यादी मीच वाचणार आहे. तसा हुकूम आहे. एकेक वस्तू मोठ्याने वाचायची, आणि कोणाचा हक्क असेल तर सांगायची शेवटची संधी द्यायची.

म्हणजे मला पुन्हा विचारावं लागणार आहे. चौऱ्याऐंशी. कपाट, लाकडी, दोन दारी, आतल्या सामानासकट. कोणाचं?

उत्तर आलं तर काय करायचं, हे मला माहीत नाही. त्या विचाराने दुपारचा डबा मी हल्ली घरीच खाऊन जातो.

पण उत्तर नाही आलं तर? ते कपाट कोणीतरी उचलून नेलं, दारं पॉलिश केली, रेघा पुसल्या गेल्या, तर?

पुढच्या वर्षी वाढदिवसानंतरच्या रविवारी ताई अकरा वाजता येईल. तिला मी काय सांगू?